कोपरा फाडलेलं पाकीट

आमचं गाव कुरुंद्याच्या पुढं, हळदीच्या शेतांत. समुद्र आमच्यात कुणी बापजन्मी पाहिलेला नाही, आणि माझे सासरे मात्र बारा वर्षं समुद्रावर काढून आलेले! त्यांना मी मामंजी म्हणते. सतरा वर्षांचे असताना नौदलात भरती झाले आणि एकाच विनाशिकेवर राहिले. विनाशिका म्हणजे तोफा घेऊन जोरात पळणारं लढाऊ जहाज. देशाच्या नौदलातल्या अगदी पहिल्या काही विनाशिकांपैकी ती एक, इंग्रजांनी लढाईत वापरलेली आणि मग आपण घेतलेली. मामंजी तिच्या पोटात बॉयलरपाशी असायचे. वाफ सांभाळायची, एवढंच काम. वर आभाळ आहे की नाही, हे त्यांना ड्यूटी संपल्यावर कळायचं.

आता ते चौऱ्यांशी वर्षांचे आहेत. फाल्गुनात आमच्या अंगणात हळद शिजवायचा बॉयलर येतो, तेव्हा बघावं त्यांच्याकडं. खुर्ची टाकून बॉयलरसमोर बसतात आणि मजुरांना हुकूम सोडतात. वाफ अजून चढली न्हाई, झाकण काहून काढून राहिले, आमच्या जहाजावर असं केलं असतं तर साहेबानं उलटं टांगलं असतं. मजूर वैतागतात. मीही वैतागते, कारण सगळ्यांना चहा मीच करायचा असतो. पण खरं सांगू का, हळद त्यांच्या देखरेखीत जशी शिजते तशी दुसऱ्या कुणाच्या नाही. ते मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. आधीच हवेत असतात.

मी स्वतः तीस वर्षं पोस्टात नोकरी केली. शिक्के मारून मारून माझं मनगट अजून दुखतं. रिटायर झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर मामंजींची जहाजावरून आलेली पत्रं लावून ठेवली. साठेक पाकिटं होती, सगळी त्यांच्या वडिलांच्या नावची. पत्ता 'तालुका वसमत, जिल्हा परभणी', कारण हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता. प्रत्येक पाकिटावर जहाजाचा जांभळा रबरी शिक्का, तिकिटावर बंदराच्या टपालाचा शिक्का आणि मागं वसमतला पोचल्याचा. तारखेप्रमाणं लावली आणि मला जहाजाचा सगळा जन्म समोर दिसला. सुरुवातीला दोन पत्रांत तीन-तीन महिन्यांचं अंतर, म्हणजे जहाज लांब गेलेलं. कधी कोचीन, कधी विशाखापट्टण, एकदा तर अंदमान. मग पाच-सहा वर्षांनी अंतर कमी होत गेलं. जहाजावर नवी पोरं शिकवायला घेऊ लागले होते, ते किनाऱ्याकिनाऱ्यानंच फिरायचं. शेवटच्या वर्षी तर दर महिन्याला पत्र, एकाच बंदराचं. जहाज म्हातारं होऊन धक्क्याला बांधलं गेलं होतं. इतिहासाच्या पुस्तकात मला कधी गोडी वाटली नाही, पण हे मी तीनदा लावलं आणि तीनदा बघितलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी या पाकिटांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मामंजी जहाजाचं काही सांगू लागले की त्या उठून गोठ्यात जातात. मी नवी नवरी होते तेव्हाच त्यांनी मला बजावून सांगितलं होतं की ते जहाज म्हणजे त्यांची सवत. "ते माझ्यासाठी न्हाई आले घरी," त्या म्हणाल्या होत्या. "ती भंगारात गेली म्हणून आले. ती असती तर आज बी तिथंच असते." हे त्या हसत बोलल्या, पण बोलल्या त्या काही गंमत म्हणून नाही, हे मला तेव्हाच कळलं. बाईच्या मनात असलं काही बसलं की निघत नाही. मग संसार किती का चांगला होईना.

यंदा हळद शिजत असतानाच नांदेडहून एक गृहस्थ आले. बँकेतून रिटायर झालेले आणि जहाजांची टपाल पाकिटं गोळा करणारे. आमच्या पाकिटांविषयी त्यांना माझ्याच एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं होतं. वारंगा फाट्यावर रस्ता चुकले, म्हणून तासभर उशीर. आल्या आल्या त्यांनी मांडीवर फाइल उघडली. या एकाच विनाशिकेची सगळी हकिगत त्यांनी पाकिटांवरून मांडली होती, जहाज विकत घेतल्यापासून शेवटपर्यंत. मामंजींनी चष्मा लावला आणि पानावर बोट ठेवून, हे बघ, इथं मी होतो, असं करत दोन तास काढले. इतके खुश मी त्यांना नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

शेवटचं पान मात्र कोरं होतं. गृहस्थ म्हणाले की ज्या दिवशी जहाजावरचा झेंडा कायमचा उतरवला, त्या दिवशी प्रत्येक खलाशाला जहाजाचं चित्र छापलेलं एक पाकीट दिलं होतं. ते कुठंच मिळत नाही. आठ दिवसांवर नांदेडात प्रदर्शन आहे, आणि शेवटाशिवाय हकिगत लंगडी राहणार.

"म्या धाडलं व्हतं घरी," मामंजी म्हणाले.

मी साठच्या साठ पाकिटं पुन्हा उलटीपालटी केली. नव्हतं. मामंजींचं तोंड एवढंसं झालं. गृहस्थ परवा परत येतो म्हणून गेले आणि मामंजींनी बॉयलरकडं पाठ फिरवली. वाफ चढली काय, उतरली काय, त्यांना सोयरसुतक नाही. जेवणाचं ताट तसंच परत येऊ लागलं. माझ्या जहाजाचा शेवट तेवढा राहिला, एवढंच एक पालुपद. दुसऱ्या दिवशी मी वैतागून आत्याबाईंसमोर म्हटलं की जरा समजवा त्यांना, कागदाच्या तुकड्यासाठी माणूस उपाशी बसतो का.

आत्याबाई हळकुंडं निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हाय ते पाकीट. पर म्या देणार न्हाई."

मी कपाळावर हात मारला. मग त्यांनी मला ती सगळी हकिगत सांगितली. इतक्या वर्षांत मी या घरात काय काय ऐकलं, पण हे नव्हतं ऐकलं.

आमच्याकडं मयताची बातमी असली की पत्राचा कोपरा फाडून धाडतात. तसलं पत्र घरात नेत नाहीत, अंगणातच वाचतात. तर एके दुपारी पोस्टमन आला, हातात जहाजाचं पाकीट आणि त्याचा कोपरा फाडलेला! वर पहिल्यांदाच आत्याबाईंचं नाव. आजवर सगळी पत्रं त्यांच्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामंजींच्या वडिलांच्या, नावानं आलेली. कोपरा बघूनच त्या जोत्याशी खाली बसल्या. वाचता येत नव्हतं, तेव्हा पोस्टमननंच अंगणात उभ्यानं फोडून पहिली ओळ वाचली. 'आज आपलं जहाज गेलं.' झालं! जहाज गेलं म्हणजे बुडालं, आणि बुडालं म्हणजे त्याच्या पोटात बसलेला माणूस आधी गेला. बायांनी गळा काढला. आत्याबाईंनी हात जोत्यावर आपटले, दोन बांगड्या फुटल्या. तेवढ्यात त्यांचे सासरे धावत आले, पोस्टमनच्या हातून कागद घेतला, मनातल्या मनात सगळा वाचला आणि ओरडले की रडू नका, पोरगं धडधाकट हाय, जहाज भंगारात गेलं. पुढचं काही त्यांनी वाचून दाखवलं नाही. कागद घडी करून सुनेच्या हातात दिला आणि मान खाली घालून निघून गेले.

"मग पुढचं तुम्ही कुणाकडूनच वाचून घेतलं नाही?" मी विचारलं. मी पोस्टातली बाई, लोकांची हजार पत्रं वाचून दाखवलेली. माझ्याच घरात न वाचलेलं पत्र! मला रागच आला.

त्या म्हणाल्या की काय ऐकायचं त्यात, सवतीचं गुणगान? तिच्या मयताला माणसानं कोपरा फाडला. बायकोच्या नावानं पहिलं पत्र धाडलं, ते बी तिच्या सुतकाचं. मग ते पत्र त्यांनी चहाच्या डब्यात घालून गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलं. घरात न्यायचं नाही, आणि त्यावर आपलं नाव आहे म्हणून टाकवतही नाही.

तिसऱ्या दिवशी गृहस्थ आले. मामंजी बॉयलरकडं पाठ करूनच खुर्चीत बसलेले. मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पाकीट घरात आहे आणि आत्याबाई देत नाहीत. मामंजींनी बायकोकडं असं बघितलं की जणू तिनं आख्खं जहाजच लपवून ठेवलं होतं. कोपरा काहून फाडला होता, असं मीच त्यांना दटावून विचारलं. तर काय म्हणावं! मयताचं पत्र तसंच लिहितात न्हाई का, म्हणाले. जहाज मेलं, मग नको फाडायला? बारा वर्षं त्याच्या पोटात निजलो. बांगड्यांचं मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांची मान खाली गेली. ते त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आत्याबाई उठल्या, गोठ्यात गेल्या आणि त्यांनी डबा आणून माझ्या मांडीवर आदळला. "वाच. एकदा समद्यांपुढं होऊन जाऊ दे. काय लिहिलं हाय तिच्याबद्दल, ते बघू."

पाकीट पिवळं पडलेलं, पण जहाजाचं चित्र आणि शिक्का लख्ख. गृहस्थांनी हात पुढं केला होता, मी त्यांना थांबा म्हटलं. आतला कागद काढला आणि अंगणात वाचायला लागले.

'आज आपलं जहाज गेलं. मावळतीला झेंडा उतरवला. मला रडू आलं, कुणाला सांगू नको. माझी नोकरीची मुदत संपून राहिली. साहेब म्हणाले, मुदत वाढव, तुला नवं जहाज देतो, यापेक्षा मोठं. मी न्हाई म्हटलं. आपलं लग्न झाल्यापासून तुझ्या वाट्याला माझे सहा महिने बी आले नसतील. आता पाण्यावर जीव लागत न्हाई. मी आता कायमचा घरी येणार. तुला चालंल का, ते कळव.'

मी कागद खाली केला. हळद निवडणाऱ्या बायांचे हात थांबले होते. गृहस्थ उगीच फाइलीत बघत होते.

 आत्याबाई नवऱ्याकडं वळल्या. "दुसरं जहाज देत व्हते, हे कधी काहून न्हाई सांगितलं मला?"

"लिहिलं व्हतं की," मामंजी म्हणाले. "तूच उत्तर न्हाई धाडलं. पंधरा दिवस वाट पाह्यली, मग तसाच आलो."

आत्याबाईंनी माझ्या हातून कागद घेतला, पाकीट मांडीवरून उचलून गृहस्थांना दिलं. पाकीट घेऊन जा, चिठ्ठी मिळायची न्हाई, असं त्यांना ठणकावलं. त्यांना पाकीटच हवं होतं, ते मुकाट्यानं फाइलीत ठेवू लागले. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "त्यान्ला सांग. चालंल म्हणावं."