पिर्तिकांगासचं पान

सायमी लेप्पाकोस्की चर्चच्या कचेरीतून निवृत्त झाली आणि तिने फिनलंडमधल्या आमच्या गावाच्या वंशावळीचं काम हाती घेतलं. माझं साहित्याचं शिक्षण नुकतंच संपलं होतं. छपाईआधी मजकूर तपासायला म्हणून मी तिच्या स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच रेंगाळले. तिची पाठ दुखायची. उठताना ती टेबलाला धरून उठायची आणि थोडा वेळ तशीच उभी राहायची.

तिची नजरही जात होती. जिथे बघावं तिथे मधोमध काळा डाग. येत्या हिवाळ्यानंतर वाचता येईल याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी वंशावळीचा ग्रंथ छापून हातात यावा, एवढंच तिला हवं होतं.

मे महिन्यात कालेर्वो आला. शाळेत तिच्याच वर्गात होता; आता पिर्तिकांगास घराचा धनी आणि गावच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष. बरोबर त्याची नव्वदीची एल्वीआत्या. ती कॉफीसाठी आली होती, तसं तिने दारातच सांगितलं.

"सायमी, आमच्या घराच्या वंशाची रेघ मधेच तुटलीय," कालेर्वो म्हणाला.

"तुटलीच आहे. दीडशे वर्षांमागच्या मोठ्या दुष्काळात धनी गेला, पोरं गेली. विधवेनं मग तावेत्तीशी लग्न केलं. तो परगावचा."

"नाव तर पिर्तिकांगासच लावलं ना त्यानं?"

"जो राहायला येई तो लावायचा. नाव घराचं असायचं."

"मग जोड की रेघ. जुलैत सगळं गोत जमतंय. फलकसुद्धा रंगवून झालाय, चारशे वर्षं एकच रक्त म्हणून. तू जोडलीस तर मंडळ लगेच छापायला देईल. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी काय बघणार, कालेर्वो?"

एल्वीआत्याने वेलचीचा पाव कॉफीत बुडवला.

"रक्त म्हणशील तर ते तुझ्यापेक्षा इथल्या डासांत जास्त आहे," ती त्याला म्हणाली. "तावेत्ती माझा आजा. पाठीवर पिशवी टाकून आला. झाडाची साल घातलेली भाकरी खाल्ली आणि त्या रात्रीपासून आमचा झाला. त्याच्यासोबत एक भिकारी पोरगी आली होती. तीही आमचीच. तिला कुठे घातलंयस गं सायमी?"

"मागच्या यादीत," सायमी म्हणाली. "'इतर' म्हणून."

"इतर," म्हातारी म्हणाली आणि तिने दुसरा पाव घेतला.

ती दोघं गेली. मग सायमीने मला चर्चच्या जुन्या नोंदवहीतल्या पिर्तिकांगासच्या पानाची नक्कल बाहेर काढायला लावली. पूर्वी पाद्रीबुवा घरोघर जाऊन सगळ्यांची वाचनाची परीक्षा घेत आणि एका घराचं एक पान लिहीत. वर धनी-धनीण, मग मुलं, मग गडी, मोलकरणी, तळाशी आश्रित. प्रत्येकाच्या नावापुढे त्याला किती वाचता येतं त्याच्या खुणा.

"हे सगळे एका पानावर होते," ती म्हणाली. "रेघा ओढायच्या म्हणून मीच एकेकाला ओढून बाहेर काढलं. इतकी वर्षं हेच केलं."

"पण तुझं काही चुकलेलं नाही," मी म्हणाले. "रेघा खऱ्या आहेत."

"खऱ्या आहेत." तिने कप विसळले. विसळलेला कप पुन्हा विसळला. "कालेर्वोला फोन लाव. म्हणावं, छापायचं नाही. रक्ताप्रमाणे नाही, घराप्रमाणे पुन्हा मांडायचंय."

"आणि डोळे?"

"तुझे आहेत ना?"

सप्टेंबरात मी हेलसिंकीला राहायला जाणार होते. तिला ते ठाऊक होतं. मी फोन लावला. कालेर्वो तिला वेडी म्हणाला, मग मलाही म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

सायमी खुर्चीत मागे टेकून बसली होती. डोळे मिटलेले.

"वाच," ती म्हणाली. "वरून नको. तळापासून."

मी पान उजेडात धरलं. शेवटच्या ओळीत त्या भिकारी पोरीचं नाव होतं. लोविसा. पुढे एकच खूण, अडखळत वाचते.

"आता त्यावरची ओळ," सायमी म्हणाली.