एकादशीचा पाऊस

आमच्या ह्यांचं नाव निवृत्ती. पण देवराज मोहल्ल्यात नुसतं निवृत्ती म्हणून विचाराल तर चार शिंपी डोकं खाजवतील. 'पावसाचे निवृत्तीराव' म्हणा, लगेच घर दाखवतील. अख्खं घराणं शिलाई मशीनवर बसलं, ह्यांनी मात्र पाऊस मोजला. नजरबादच्या एका सरकारी कार्यालयाच्या आवारात पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, आकडा वाचायचा, रजिस्टरात लिहून सही करायची. एकतीस वर्षं हेच. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस सायकलवरून जाऊन माप घेऊन आला. मुहूर्त साडेनऊचा होता म्हणून माझं लग्न लागलं म्हणायचं.

२००६ साली रिटायर झाले, तरी रजिस्टरांचा गर्व काही उतरला नाही. "एकही रकाना रिकामा नाही," असं आल्यागेल्याला सांगायचे. मी म्हणायची, "हो, आणि घरच्या कामाचा एकही भरलेला नाही!"

तीन वर्षांनी वनजा आली. माझ्या धाकट्या दिराची मुलगी, विद्यापीठात संशोधन करते. आम्हाला इथल्या कानडी पोरांसारखंच दोड्डप्पा-दोड्डम्मा, म्हणजे मोठे काका-काकू म्हणते. ती म्हणाली, "उपग्रह वरून ढग बघतो आणि पाऊस किती पडला असेल ते सांगतो. ते खरं की खोटं, हे जमिनीवरच्या मापाशी ताडून पाहावं लागतं. तेव्हा कुठे पुढच्या पावसाचा अंदाज सुधारतो." आणि त्यासाठी तिने मागितली ह्यांचीच शेवटच्या आठ वर्षांची रजिस्टरं! महिनाभर आमच्या घरात कुणाचे पाय जमिनीवर नव्हते ते सांगायला नको.

मग एका दुपारी, हे बाजारात गेले असताना, वनजा तोंड पाडून आली. हातात तारखांचा कागद. "दोड्डम्मा, अधूनमधून उपग्रह म्हणतो धो धो पाऊस, आणि दोड्डप्पांनी लिहिलंय शून्य. दुसऱ्या दिवशी एकदम भरमसाट. सर म्हणतात, हे आकडे घरी बसून भरलेत. हे पाऊस मोजायचं केंद्र आपण अभ्यासातून सोडून देऊ."

"अय्यो! घरी बसून?" माझं डोकंच फिरलं. "तुझ्या सरांना म्हणावं, हे अंगात ताप असतानाही माप घ्यायला जायचे, तेव्हा मागे सायकलवर बसून बघायला हवं होतं!" पण बोलता बोलता तारखांवर नजर गेली. जुनी पंचांगं मी टाकत नाही. पेटीतून काढली आणि एकेक तारीख लावून बघितली. एकादशी. पुढची एकादशी. त्याच्या पुढचीही एकादशीच.

एकादशीला पहाटे हे विठ्ठलाच्या देवळात जातात. गळ्यात वीणा घेतली की दुपारपर्यंत उतरवायची नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. मग साडेआठचं माप कोण घेत होतं? एकतीस वर्षांत मला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. केंद्र गळलं असतं, कारण कुणाला कळलं नसतं. मी बोलले तर पुतणीसमोर नवऱ्याची मान खाली. पण 'घरी बसून' हे काही माझ्या घशाखाली उतरेना. संध्याकाळी वनजासमोरच ह्यांना विचारलं.

ह्यांनी तारखांचा कागद हातात घेऊन वाचला. मग म्हणाले, "रकाना रिकामा दिसला की वरून पत्र यायचं. एकादशीपुरता बदली माणूस मागितला, तो दिला नाही. म्हणून शून्य लिहायचो. पाणी भांड्यातच असायचं. द्वादशीला दोन्ही दिवसांचं एकत्र मोजायचो. एक थेंब चोरला नाही गं मी." आणि रडले. त्या रात्री जेवले नाहीत. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही कशाला बोलू? मला खरंच राग आला होता. चुकलं ते चुकलं, पण सुम्ने, उगाचच, एवढी वर्षं मिरवायचं कशाला?

तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, माझी पंचांगं काखेत मारली आणि एकटेच विद्यापीठात गेले. तिथे सगळ्या एकादश्यांची यादी केली आणि खाली लिहून दिलं: 'या तारखांना मी माप घेतलं नाही. शून्य खोटं आहे. दुसऱ्या दिवशीचा आकडा दोन दिवसांचा आहे.' आणि सही.

वनजाने उपग्रहाच्या आकड्यांचीही तशीच दोन-दोन दिवसांची बेरीज केली. थोडंफार इकडेतिकडे, पण जुळलं! केंद्र राहिलं.

"सर काय म्हणाले?" हे परतल्यावर मी दारातच विचारलं.

"चहा दिला. म्हणाले, इतक्या नेमाने चुकणारा माणूस मिळणं कठीण."

किती दिवसांनी हसलो आम्ही दोघं!

त्याच आठवड्यात ह्यांनी एक पर्जन्यमापक विकत आणून गच्चीवर बसवला. पुढची एकादशी आली. पहाटे आंघोळ, कपाळाला बुक्का, पण माणूस घरातच. देवळातून दोनदा निरोप आला. "साडेआठनंतर येतो," हे गच्चीवरूनच ओरडले.

साडेआठ वाजले. वरून हाक आली, "शांता, लिही. शून्य!"

मी पेन हातात धरून तशीच बसले. लिहवेना.

"अगं, खरंच शून्य आहे," हे म्हणाले. "वर ये, तूच बघ."

गुडघे धरत एकवीस पायऱ्या चढले. भांडं आतून कोरडं ठणठणीत होतं. मी बोट फिरवून पाहिलं. मग खाली येऊन शून्य लिहिलं, आणि हे वीणा घ्यायला गेले.