डावीकडे सुटलेला बाण

सीवूड्सच्या जयप्रकाश सरांची गणितात आजवर एकही चूक झालेली नाही, असं खुद्द जयप्रकाश सरच सांगत. फळ्यावर उत्तर चुकलं की ते पुस्तक छापणाऱ्याला दोष देत, मुलांनी बोट दाखवलं की मुलांना, आणि कुणीच सापडलं नाही तर खडूला. सगळ्यांसमोर डस्टर उचलणं त्यांना कमीपणाचं वाटे.

यंदा क्लासच्या प्रवेशाच्या वेळी त्यांनी चौकात फ्लेक्स लावला. ज्या चौकात कुणाच्याही भाच्याच्या वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, तिथे गणितानं काय घोडं मारलंय? वर कोट घातलेले सर, तेही भर मे महिन्यात. खाली सोडवलेली असमानता: −2x < 6, म्हणून x < −3. त्याखाली संख्यारेषा, उणे तीनवर पोकळ वर्तुळ आणि तिथून डावीकडे सुटलेला लालभडक बाण. रविवारी पालकांसमोर नमुना तास होता. यंदा वर्ग भरणार की बाकं रिकामी राहणार, ते त्या एका तासावर ठरणार होतं.

शुक्रवारी त्यांची नववीतली विद्यार्थिनी ईश्वरी क्लासला आली ती थेट टेबलाजवळ.

“सर, फ्लेक्सवरच्या गणितात मी शून्य घालून बघितलं. उणे दोन गुणिले शून्य म्हणजे शून्य, आणि ते सहापेक्षा लहान आहे. मग शून्य उत्तरात पाहिजे ना? बाण तर उलट्याच बाजूला चाललाय.”

सरांनी मनातल्या मनात गणित पुन्हा सोडवलं. उणे संख्येनं भागलं की चिन्ह फिरतं, हे त्यांनीच इतकी वर्षं पोरांना घोकायला लावलं होतं. बाण उजवीकडे हवा होता. पण चूक कबूल करायची म्हणजे सरांच्या जिवावर येई.

“शाब्बास!” ते म्हणाले. “मुद्दाम चुकवलं होतं मी. बघत होतो, कोण पकडतंय.”

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण दारात उभे असलेले क्लासच्या गाळ्याचे मालक गोटीराम म्हणाले, “सर, बान चुकला हाय तं नवा बॅनर लावा. पोरीचा फोटू टाका, लोकांना बरा वाटंल.” सरांना ते एकदम पटलं.

रविवारी नमुना तासाच्या हॉलमध्ये नवा फ्लेक्स झळकला. ‘चूक शोधणाऱ्या ईश्वरीचे हार्दिक अभिनंदन!’ तिचा फोटो पासपोर्टएवढा, सर मात्र पुन्हा कोटासकट, आधीपेक्षा मोठे. x > −3 आणि बाण उजवीकडे. उणे तीनवरचं वर्तुळ तेवढं लांबून फिकं दिसत होतं, म्हणून सरांनी फ्लेक्सवाल्याला सांगून ते काळ्या रंगानं गच्च भरून घेतलं होतं.

सरांनी मुद्दाम केलेल्या चुकीची गोष्ट रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. मग त्यांनी ईश्वरीला वर बोलावलं आणि कौतुकानं माइक तिच्या हातात दिला.

ईश्वरीनं आधी फ्लेक्सकडे नीट पाहिलं.

“सर, आता उणे तीन घालून बघितलं, तर सहाच येतात. सहा काही सहापेक्षा लहान नाहीत. म्हणजे उणे तीन उत्तरात नाही, वर्तुळ पोकळच पाहिजे.” मग तिनं अगदी भाबडेपणानं विचारलं, “हेपण मुद्दामच केलंत ना, सर?”