कंट्रोल चांगलं आहे

आधीच सांगतो, चौकात उतरवून टाकलेलं लिंबू ओलांडून खुशाल पुढे जाणाऱ्यांतला मी आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही पुरता बसलाय असं नाही. हा अनुभव इतके दिवस कुठे लिहिला नाही, त्याचं कारण भीती नाही... लाज आहे.

मी जालन्यात एका कॉलेजच्या लॅबमध्ये पीएचडी करतो. वनस्पतींचं तेल काढायचं, प्लेटमधल्या बारीक खळग्यांत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकायचं आणि किती मरतात ते बघायचं. काही खळग्यांत तेल टाकतच नाहीत. त्यातल्या पेशी जिवंत राहायला हव्यात, म्हणजे बाकीच्या तेलानेच मेल्या हे कळतं. या बिनतेलाच्या पेशींना म्हणतात 'कंट्रोल'. (आमच्या वडिलांना कंट्रोल म्हटलं की रेशनचं दुकान आठवतं, ते सोडा.)

तेल गवती चहाचं होतं, आणि चहा जाफराबादच्या माझ्या आत्याच्या परसातला. आत्याच्या स्तनातली गाठ काढली होती, केमोचे डोस चालू होते. उलट्यांनी बेजार व्हायची, तरी माझ्यासाठी एसटीने जुड्या पाठवायची.

चुलतभावाच्या साखरपुड्यात, ऐन पंगतीत, माझ्या गाईड मॅडमचा फोन आला. मी जरा ऐटीतच बोललो, "हो मॅडम, तेलवाल्या मेल्या. कंट्रोल एकदम चांगलं आहे!"

शेजारी आत्या बसली होती. "कंट्रोलमधी आलं? माझ्या चहानं?"

"आपला सचिन कॅन्सरवर औषध काढून राह्यला!" काकांनी पंगतभर जाहीर करून टाकलं.

आत्या काय समजली ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण सगळे कौतुकाने बघत होते, ताटात आग्रहाची जिलबी पडत होती... मी नुसता हसलो.

पुढच्या आठवड्यात प्लेट काढली तर कंट्रोल मेलेलं. झाकण उघडताच गवती चहाचा वास. मी घाबरलो नाही. हे तेल उडतं, वाफ शेजारच्या खळग्यांत जाते. म्हणून दुसऱ्यांदा कंट्रोलची प्लेटच वेगळी ठेवली. तरी तेच. तिसऱ्यांदा तेलाची बाटली कपाटातून काढलीच नाही. नवी प्लेट, पेशींचं नवं खाद्य, पेशी उबेत ठेवायचं मशीनही दुसऱ्या विभागातलं.

पेशी मेल्या होत्या. वास तर असा, की कुणी आत्ताच पात चुरगाळली असावी.

मला भास तर होत नाही ना, म्हणून मॅडमना बोलावलं. त्यांनीही वास घेतला. "कंट्रोलमध्ये काय घातलंस?"

"काहीच नाही मॅडम."

"कंट्रोलच खरं नसेल, तर तुझ्या बाकीच्या रिझल्टला काय अर्थ?"

त्या लॅबबद्दलच बोलत होत्या. पण माझ्या डोळ्यांपुढे पंगत आली. बाहेर येऊन आत्याला फोन लावला. डोस घेतलास ना, म्हणून विचारलं.

"दोन डोस चुकले, गेलेच न्हाई. तुझा चहाच पिऊन राह्यले ना, दिवसातून तीनदा. तूच म्हन्लास, कंट्रोल चांगलंय."

मी सगळं सांगितलं. प्लेटमधल्या पेशी वेगळ्या, माणूस वेगळा. कंट्रोल म्हणजे आजार आटोक्यात येणं नव्हे.

"मंग त्या दिवशी हसलास कशाला रं?"

मी तिला पुढच्या डोसची तारीख विचारली.

त्यानंतर तेच खाद्य, तेच मशीन वापरून लावलेल्या प्लेटमध्ये कंट्रोल ठणठणीत जगलं. वास नाही. आम्ही खाद्य तपासलं, मशीन तपासलं, कारण सापडलं नाही. मॅडमनी वहीत 'कारण अज्ञात' लिहिलं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा.

आत्याचे डोस पुन्हा सुरू झालेत. मधे खंड पडला ते वाईट झालं, असं डॉक्टर म्हणाले. किती वाईट, ते पुढच्या तपासणीत कळेल. परवा ती डोससाठी आली, मी स्टँडवर घ्यायला गेलो. माझा हात धरून बसमधून उतरली आणि म्हणाली, "कंट्रोल कसंय रं?"

"चांगलं आहे. पण आत्या, त्याचा तुझ्या आजाराशी काही संबंध नाही."

"ठाव हाय," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून ऐकायचं व्हतं."