ढकलणारे सगळे, बसणारी मी

सटाण्याकडच्या आमच्या मळ्यात नव्वदच्या दशकात एक ट्रॅक्टर होता, वयाने माझ्यापेक्षा मोठा. त्याचा सेल्फ केव्हाच गेला होता, म्हणजे चावी फिरवून तो चालू होत नसे. रोज सकाळी वडील, काका आणि माझे दोघे भाऊ मागून खांदा लावत. बांधावरून कुणी जाताना दिसलं की त्यालाही हाक जाई, त्यामुळे त्या वेळेला आमच्या बांधावरून सहसा कुणी जात नसे.

सगळे मागे, मग वर बसणार कोण? जिच्या ढकलण्याचा काडीचा उपयोग नाही, ती. म्हणजे मी. क्लच दाबून, गिअर टाकून बसायचं आणि काका ओरडले की क्लच सोडायचा. ट्रॅक्टर दोन गचके खाई, काळाकुट्ट धूर सोडी आणि धडधडत सुटे. मी पुढे वाऱ्यावर, आणि मागे आमचं अख्खं खानदान खोकत उभं.

चालू झाला की मी उतरायचं आणि थोरल्या भावाने बसायचं, असं आधी ठरलं होतं. पण वेग जरा कमी केला की तो बंद पडे, आणि बंद पडला की पुन्हा सगळ्यांचे खांदे. दोन वेळा तसं झाल्यावर काकाच म्हणाले, राहू द्या तिलाच. मी राहिले ती राहिलेच. नांगरट मी केली, ढेकळं फोडायला रोटर मी मारला, कांद्याची ट्रॉली मी ओढली. वडिलांना चालवता येई, पण गुडघ्यांमुळे वर चढवत नसे. ढकलताना मात्र त्यांचं वजन कामी येई. एकोणीस वर्षांची मी, ओढणी डोक्याला घट्ट बांधून गावातून गेले की लोक ओट्यावरून उठून बघत. मला इतका आनंद व्हायचा की मी विनाकारण हॉर्न वाजवायची. हॉर्न तेवढा शाबूत होता.

घरात मात्र वाद पेटला होता. वडिलांचं म्हणणं, इंजिन उघडू, सेल्फ नवा बसवू, लोखंड अजून खणखणीत आहे. काका म्हणत, यात हॉर्न सोडून काही उरलेलं नाही, बदलून नवा आणू. जेवताना सुरू झालेला वाद हात धुताना संपत नसे. आई वैतागून म्हणाली, तुम्ही दोघं एक दिवस ट्रॅक्टर विकाल आणि भांडण तेवढं ठेवाल.

माझी अडचण वेगळीच होती. दुरुस्त झाला काय नि नवा आला काय, चावी फिरवली की चालू होणार. मग ढकलायला कुणी नको, आणि वर बसायला मी नको. थोरला भाऊ तर उघडच म्हणायचा, सेल्फ लागू दे, मग बघतो. मी देवाला हात जोडून सांगायची, दोघांचं भांडण असंच चालू दे. कुणाचंही वाईट चिंतत नव्हते, फक्त निकाल लागू नये एवढंच.

पण एक दिवस नामपूरच्या बाजाराला जाताना ट्रॅक्टर भररस्त्यात गप्प झाला. किती ढकलला तरी ढिम्म. शेवटी बैलजोडी जुंपून घरी आणला. वर स्टेअरिंग धरून मी, पुढे बैल. गावातल्या एकाने विचारलं, याला कडबा घालता की डिझेल? मी हसून हसून पोट दुखवून घेतलं. दुसऱ्याच दिवशी काका शोरूमला सांगून आले, आधी चालवून दाखवा, मग बघू.

नवा ट्रॅक्टर मळ्यात आला तेव्हा वडील त्याच्याकडे बघेनात. शोरूमचा माणूस म्हणाला, मारा एक चक्कर. आणि तेवढ्यावर आमच्या घरातली चारही ढकलणारी माणसं मुकाट्याने ट्रॅक्टरच्या मागे गेली आणि खांदा लावून वाकली. मीही चढून बसले. कुणालाच काही वावगं वाटलं नाही. शोरूमचा माणूस आ वासून बघत राहिला, मग हळूच मला म्हणाला, ताई, चावी फिरवा. मी क्लच दाबून, गिअर टाकून चावी फिरवली आणि सवयीने क्लच सोडला.

ट्रॅक्टर उडाला. मागे वळून बघते तर चौघेही मातीत तोंडावर पडलेले. आई छपराच्या मेढीला धरून हसत होती. मी थांबले नाही. सगळ्या मळ्याला वळसा घातला, शेजारच्यांच्याही घातला.

परत आले तेव्हा काका माती झटकत होते. म्हणाले, "उतर आता, भाऊले बसू दे."

मी उतरले. थोरला भाऊ ऐटीत बसला. इतकी वर्षं त्याने फक्त ढकललं होतं. ट्रॅक्टर एक गचका खाऊन बंद पडला. पुन्हा चावी, पुन्हा गचका. धाकट्यानेही करून पाहिलं, तो थेट शेणाच्या ढिगाकडे निघाला. शोरूमच्या माणसाने धावत जाऊन चावी काढली. काकांनी नवा ट्रॅक्टर बघितला, दोन्ही पुतणे बघितले, आणि डोकं खाजवलं.

वडिलांनी ती चावी मागून घेतली. गुडघा चोळत माझ्याकडे आले.

"पोरी, चालवणारी तू शे. तूच सांग, काय करानं?"

इतके दिवस घरात हाच वाद चालला होता, आणि मला कुणी विचारलंच नव्हतं. मला हसू यायला लागलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. जुन्यासाठी जीव तुटत होता, पण खोटं बोलवेना. म्हटलं, नवा घेऊ.

वडिलांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि भावांना म्हणाले, उद्यापासून हिच्याकडं शिकायला बसा.