मैनाबाईंची चौथी बाजू

मथुरा गोधडीला गोट लावायची, म्हणजे कडेनं पट्टी फिरवून चारी बाजू बंद करायची. दुसरं काही शिवायची नाही. ब्लाऊज नाही, पडदे नाहीत, पोरींचे झगे नाहीत. "ब्लाऊजवाल्या बायका डोकं खातात," असं तिचं म्हणणं. आजूबाजूच्या गावांतल्या बायका घरी हातानं गोधडी शिवत. पण कडेला सात-आठ थर एकत्र आले की त्या हात टेकायच्या, आणि मग ती गोधडी एसटीनं मांडवीत मथुरेच्या मशीनवर यायची. तीस वर्षं हेच. तिची टीप आखून काढल्यासारखी सरळ जायची आणि तिला त्याचा माज होता. होता तर होता. एवढं एकच तर होतं बिचारीकडे.

पण आता बाई दमली होती. पायडल मारून मारून गुडघे सुजलेले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. ही शेवटची गोधडी, असं ती दर महिन्याला म्हणायची आणि दर महिन्याला कोणीतरी पिशवी घेऊन दारात उभं. नाही म्हणायलाही अंगात थोडी ताकद लागते हो. तेवढीसुद्धा उरली नव्हती.

मंगळवारी श्रद्धा आली. हातखंब्याच्या पुढच्या एका वाडीतल्या मैनाबाईंची तिशीची मुलगी. "मावशी, आईची गोधडी आहे. गोट लावून ठेवा, शनिवारी नेते," एवढं बोलली आणि एसटी चुकेल म्हणून पळाली.

मथुरेनं गोधडी उलगडली. जुन्या लुगड्यांची, मऊसूत. तीन बाजूंना टाके तांदळाच्या दाण्याएवढे, बघत राहावं असे. चौथ्या बाजूला मात्र सगळा सावळा गोंधळ. टाके बोट-बोट लांब झालेले, ओळी हेलपाटत कडेबाहेर गेलेल्या, आणि शेवटची ओळ अर्ध्यातच सोडून सुई निळ्या दोऱ्यासकट तिथंच टोचलेली.

"काय गो ही बाई! झोपेत शिवत होती काय?" मथुरा एकटीच करवादली. "आणि सुई विसरलीन ती विसरलीन. कोणाला टोचली म्हणजे?"

तिनं दोरा तोडून सुई आपल्या टाचण्यांच्या उशीत खोचली. वाकड्या कडेला गोट सरळ बसणार कसा? पट्टी धरून खडूनं रेघ मारली आणि मोठ्या कात्रीनं ती बाजू चार बोटं कापून टाकली. वाकडी धांदोटी चिंध्यांच्या पोत्यात गेली. हे ती नेहमीच करायची, आणि गिऱ्हाइकं उलट खूश व्हायची.

गुरुवारी दुपारी चौथ्या बाजूचा गोट पुरा झाला आणि श्रद्धाचा फोन आला.

"मावशी, घाईत एक सांगायचं राहिलं. ती वाकडी बाजू आहे ना, तिला कात्री लावू नका हां. आई अंथरुणावर पडून शिवत होती. शेवटी शेवटी तिला दिसतच नव्हतं. ती सुई तिनंच टोचून ठेवलीय, त्यानंतर उठलीच नाही. बाबांनी सांगितलंय, सुईसुद्धा तिथंच राहू दे. गोधडी त्यांच्यासाठीच होती. माझ्यामागं ह्यांना कोण शिवून देणार, म्हणायची."

"बरं," मथुरा म्हणाली.

फोन ठेवला आणि ती स्टुलावरच बसून राहिली. बरं कसलं, डोंबल! तिला स्वतःची लाज वाटली. गप्प बसावं, असंही मनात येऊन गेलं. कोणाला कळणार होतं? पण ज्याच्यासाठी शिवली त्याला कळणार होतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं चिंध्यांचं पोतं जमिनीवर उपडं केलं. धांदोटी सापडली. उशीतली निळ्या दोऱ्याची सुईही सापडली. मग लावलेला गोट टाका-टाका करून उसवला, धांदोटी जिथली तिथं टेकवली, खालून रुंद पट्टी घेतली आणि शिवायला बसली. मशीन एवढे थर काही केल्या घेईना. अठरा नंबरच्या दोन जाड सुया तुटल्या. शेवटी पायडल सोडून तिनं हातानं चाक फिरवत एकेक टाका घातला. शुक्रवारचा अख्खा दिवस त्यात गेला. खांदा भरून आला, पाठीचा पार चुथडा झाला. वाकड्या कडेवरून गोटही वाकडाच फिरला आणि जोड तर उघड उघड दिसत होता. मैनाबाईंची सुई तिनं होती तिथं टोचली.

शनिवारी श्रद्धा आली ती वडिलांना घेऊन. हरिश्चंद्रतात्या बाकावर टेकले, गोधडी मांडीवर घेतली आणि कडेकडेनं हात फिरवत निघाले. चौथ्या बाजूला हात थांबला.

"मी कापली होती तात्या," मथुरा म्हणाली. "सरळ करायला गेले. परत जोडलीय, पण चूक ती चूकच."

"मावशी! फोनवर बरं म्हणालात ना तुम्ही?" श्रद्धाचा आवाज चढला.

"खोटं बोलले गो. तोंडच उघडेना माझं."

तात्या बराच वेळ जोडावरून बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी पण बोललो खोटं. ती सारखी विचारायची, सरळ जातंय ना हो? मी म्हणायचो, अगदी सरळ."

तात्यांनी सुई बाहेर काढली, उजेडाकडे धरून पाहिली. "सुई तिथंच ठेवायची म्हटलं होतं मी. पण मग पांघरू कशी? एवढी ओळ मीच पुरी करतो. दोरा तेवढा बांधून द्या, आणि टाका कसा घालायचा तो दाखवा."

मथुरेनं तुटलेला निळा दोरा जुन्या टोकाला गाठून दिला. सुई खाली कुठं घालायची, वर कुठं काढायची, ते त्यांचं बोट धरून दाखवलं. तात्यांनी जीभ दातात धरून एक टाका घातला, मग दुसरा. तिसरा पार भलतीकडे गेला. चौथा त्याहून.

त्यांनी मान वर केली. "सरळ जातंय ना हो?"

तीस वर्षांत मथुरेनं कोणाचा वाकडा टाका खपवून घेतला नव्हता. तिनं वाकून, उजव्या डोळ्यानं, नीट निरखून पाहिलं.

"अगदी सरळ," ती म्हणाली.