आत्याचं मत

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. जयंतीच्या आधी बाबा ती छापून आणायचे, आणि त्यांवरच मी वाचायला शिकले. बाईच्या मताचा इतिहास मला तोंडपाठ. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मतदारयादीच्या वेळी कित्येक बायांनी 'अमक्याची बायको' एवढंच सांगितलं आणि त्या गाळल्या गेल्या, हे मी बोर्लीच्या बाजारात माईकवरून ओरडून सांगितलं आहे.

गेल्या ग्रामपंचायतीच्या वेळी आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. यंत्रावरची चिन्हं तिला दिसत नव्हती. अशा मतदाराला सोबती नेता येतो. मतदार सांगेल ते बटण त्यानं दाबायचं आणि ते गुप्त ठेवीन असं लिहून द्यायचं. मी सही केली.

"शिलाई मशीन," आत्या कानात म्हणाली.

शिलाई मशीन म्हणजे शेजारची वहिनी. नवऱ्यानं उभी केलेली. भाषणंसुद्धा तोच करायचा. असल्या उमेदवारीवर मी दोन पत्रकं लिहिली होती. आमची छत्री, एक निवृत्त शिक्षिका. आदल्या दिवशी मी आत्याला तासभर समजावलं होतं.

"नवऱ्याच्या हातातली बाहुली आहे ती, आत्या."

"असंल. पन मी माणगावला दवाखान्यात पडले तवा आठ दिस उशाशी तीच होती. तू मोर्च्यात होतीस."

पुठ्ठ्याच्या आडोशाला मी छत्री दाबली. चुकून नाही. आत्याला कळत नाही, मला कळतं, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. यंत्र वाजलं.

"मशीनच ना गं?"

"हो."

वहिनी बऱ्याच मतांनी पडली. माझ्या एका बटणानं काही फरक पडला नाही, हे मी स्वतःला कितीदा तरी सांगितलंय. निकालादिवशी ती आत्याकडे येऊन रडली. "घरच्यांनी तरी दिलं का, कुणास ठाऊक, काकी."

"माझं तुलाच हाय! इचार ह्या पोरीला, तिनंच दाबलंय. शिकलेली हाय, चुकायची न्हाय."

वहिनीनं माझा हात घट्ट धरला. मी तो धरू दिला.

आत्याचं ऑपरेशन झालंय. आता तिला सोबती लागणार नाही. वाचता मात्र तिला कधीच येत नव्हतं. माझं छापून आलेलं सगळं मीच तिला वाचून दाखवते.

हे दाखवलेलं नाही.